उजेडातली बाहुली

६ जुलै

चि. टकमक हिला बाबाचे आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. तूही ठीक असशीलच, कारण आत्याच्या घरात ठीक नसायची कुणाला परवानगी नाही. मी तिचा गुडघा विचारला म्हणून सांग. ती बराच वेळ सांगेल. ते सगळं ऐकून घे, मला कळवायची गरज नाही.

फोन असताना पत्र कशाला, असं तुझ्या मनात येईल. फोनवर तू 'हं' म्हणतेस, मी 'बरं' म्हणतो, मग आई माझ्या हातातून फोन काढून घेते. पत्रात मधेच कुणी 'हं' करत नाही.

आधी बातम्या. कामाच्या खोलीतली खिडकीची चौकट वाकली आहे. मी टेबलाशी बसलो की उजवीकडची पट्टी मधेच आत गेल्यासारखी दिसते. सुताराला बोलावलं. त्याने गुण्या लावला, ओळंबा सोडला, एक डोळा मिटून खालून वर पाहिलं आणि म्हणाला, "चौकट सरळ आहे, मास्तर. ज्याने कुणी केली तो कारागीर होता." ती त्यानेच केलेली. मी म्हटलं, "तू डोळे तपासून घे." तो म्हणाला, "ते तुमचं खातं." हसत हसत गेला. चौकट वाकलेलीच आहे.

न्हाव्याचा नवा खोटा डोळा देऊन झाला. जुना सात-आठ वर्षं वापरून पिवळट पडला होता आणि खाचेत नीट बसत नव्हता. साचा नव्याने घेतला, बुबुळ नव्याने रंगवलं, शिरांसाठी लाल रेशमाचे तंतू सोडवून एकेक बसवला. तू असतीस तर नेहमीसारखी टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून टकामका बघत बसली असतीस. न्हाव्याने आरशात पाहिलं, मान इकडे केली, तिकडे केली, आणि म्हणाला, "चांगला आहे." या माणसाने आजवर 'चांगला आहे' एवढ्यावर कधी समाधान मानलेलं नाही. आधी तो मिठी मारायचा. वयाने माणूस किरकिरा होतो, दुसरं काय.

माझा सगळ्यांत बारीक ब्रश सापडत नाही. तीन केसांचा, ज्याच्या दांडीला काळा दोरा गुंडाळलाय तो. आईला विचारलं तर म्हणाली, उंदराने नेला असेल. उंदीर ब्रश नेत नाहीत.

आता मुद्द्याचं.

डॉक्टरकीच्या प्रवेशाला पहिल्या वेळी गुण कमी पडले. ते मी समजू शकतो. या वेळी गुण होते, मुलाखतीला बोलावलं होतं, आणि तरी नाव लागलं नाही. मुलाखतीत काय झालं ते तू सांगितलं नाहीस. मी विचारत नाही. दुसऱ्या दिवशी तू बॅग भरून आत्याकडे गेलीस, तेव्हाही विचारलं नाही. पण माणूस दोनदा पडला म्हणजे कायमचा पडला असं नाही. मी तिसऱ्यांदाच्या तयारीसाठी एका शिकवणीच्या सरांना भेटून आलो. त्यांनी विचारलं, "आपण काय करता?" म्हटलं, "डोळे." ते खुर्चीतून अर्धे उठले. "डॉक्टर?" म्हटलं, "नाही. डॉक्टर डोळा काढतात, मी बसवतो. माझ्या डोळ्याने दिसत नाही, पण समोरच्याला तो खोटा आहे हेही दिसत नाही." सर परत बसले. पण माणूस चांगला वाटला. पुढच्या महिन्यात सुरुवात आहे.

मला कुणी शिकवलं नाही. कवळ्या करायच्या दुकानात प्लॅस्टिक शिजवता शिजवता मी एक डोळा करून पाहिला, तो टाकून दिला, दुसरा केला. हे तुझी आई दिवसातून दोनदा ऐकते म्हणून इथे थोडक्यात लिहिलं. सांगायचं एवढंच, की मी ज्या स्टुलावर बसलो ते स्टूल तुझ्यासाठी नाही. माझ्या दारात येणारा पेशंट कुणीतरी चिठ्ठी देऊन पाठवतो. ती चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या खुर्चीत तू बसायचंस. आपल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनाही मी सांगून टाकलंय, आणखी एक वर्ष, मग टकमक तुमच्या पंक्तीला.

आईचे आशीर्वाद. ती म्हणते, पोरीला जरा गप्प बसू द्या. मी तर काहीच बोललो नाही.

तुझा,
बाबा


२४ जुलै

चि. टकमक,

तुझं पत्र पोचलं. दीड पान, त्यात अर्धं पान आत्याच्या गुडघ्यावर. मी कळवू नकोस म्हटलं होतं.

औषधांच्या कॉलेजचं कळलं. आत्याने ओळखीने जागा पाहून ठेवली आहे आणि महिनाअखेरपर्यंत हो की नाही सांगायचं आहे. आत्याचं मन मोठं आहे, पण ती दुकानात जाऊन नवऱ्याच्या मापाची चप्पल नसेल तर आहे त्या मापाची घेऊन येते आणि म्हणते, पाय बसेल हळूहळू. तुझे काका अजून लंगडतात. तू लिहितेस, 'विचार करतेय.' तुझं 'विचार करतेय' मी तू शाळेत जात नव्हतीस तेव्हापासून ओळखतो. याचा अर्थ ठरलेलं असतं आणि सांगायची हिंमत नसते.

तिसऱ्यांदा बसणार नाही, हे ठरलंय का? सरळ लिही.

मी रागावलेलो नाही. आई शेजारी उभी राहून म्हणतेय, अक्षर बघा केवढं मोठं काढलंय, रागावल्याशिवाय असं येतं का. अक्षर मोठं काढलंय कारण खोलीतला दिवा मंद झालाय.

न्हावी परत आला होता. खुर्चीत बसला, नवा डोळा काढून रुमालावर ठेवला आणि म्हणाला, "मास्तर, राग मानू नका. डोळा चांगला आहे, पण माझा नाही."

"मग कुणाचा आहे?"

"माझ्या थोरल्या मेव्हण्याचा वाटतो. तो खोटं बोलताना असा बघतो."

"बुबुळाचा रंग जुळवून दिलाय."

"रंगाचं नाही म्हणत मी. नजर. गिऱ्हाईक आरशात माझ्याकडे बघतं आणि मान मागे घेतं. वस्तरा हातात असताना गिऱ्हाइकाने मान हलवणं बरं नाही, मास्तर. तुमचं नाव मी सगळीकडे घेतो. कुणाचा कान गेला तर तुमचंच नाव निघेल."

मी हसलो नाही. त्याला सांगितलं, दुसरा करून देतो. त्याला खिडकीपाशी उजेडात बसवून, त्याच्या चांगल्या डोळ्याकडे पाहत दुसरा केला. बुबुळाच्या कडेची काळपट रेघ तर मी हाताने एका दमात काढतो, तुला ठाऊक आहे. कंपास मी कधी हातात धरला नाही. काढून झाल्यावर पाहिलं तर गोल एका बाजूने चेपल्यासारखा वाटला. तो भरून घेतला. पुन्हा पाहिलं, पुन्हा थोडा भरला. मन लावून केला गं. न्हाव्याने घातला, आरशात पाहिलं आणि आरसा पालथा ठेवला. जाताना माझ्या पाया पडला. तो माझ्याहून वयाने मोठा आहे.

बहुतेक रंगाच्या नव्या डबीत काहीतरी खोट असावी. कंपनीला लिहिणार आहे.

आई म्हणते तुमचा हात थकलाय, चार दिवस काम बंद ठेवा. काम बंद ठेवून करू काय? नदीच्या पलीकडच्या त्या प्रिंटरवाल्या बाईंकडे पाठवू का पेशंट? ज्या बुबुळाचा फोटो काढतात, कागदावर छापतात आणि वर प्लॅस्टिक ओततात? शिक्का मारलेला डोळा. परदेशी शिकून आल्या म्हणे. बुबुळ छापायला परदेशी जावं लागतं हे मला नवीन होतं.

शिकवणीच्या सरांचा निरोप होता. मी त्यांना अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. तू मला सरळ लिही. आणि मुलाखतीबद्दल मी अजूनही विचारत नाही.

तुझा,
बाबा


१३ ऑगस्ट

चि. टकमक,

पत्र पोचलं. जाड होतं म्हणून आईला आधी भीती वाटली. तिनेच वाचून दाखवलं. माझा चष्मा सापडत नव्हता.

हे असं लिहिलं खरं. पण चष्मा नाकावरच होता. ते पुढे सांगतो.

तू सरळ लिहिलंस, तेही मी विचारलं नव्हतं ते. आईने वाचलं ते असं: टेबलामागे तिघं होते, त्यात मधे पांढऱ्या केसांच्या बाई. सगळी उत्तरं आपण घरी घोकून घेतलेली, तू ती नीट दिलीस. मग त्या बाईंनी विचारलं, "समजा या वर्षीही झालं नाही, तर काय करशील?" यालाही आपलं उत्तर ठरलेलं होतं, पुन्हा प्रयत्न करीन. आणि तुझ्या तोंडून निघालं, "डोळे करीन."

त्यांनी विचारलं, म्हणजे काय. मग तू सांगत सुटलीस. रेशमाचा तंतू कसा सोडवायचा, बुबुळ एका रंगाचं कधीच नसतं, जवळून पाहिलं तर त्यात वाळूसारखे कण असतात. माणसाची बाहुली उजेडात लहान आणि अंधारात मोठी होते, पण खोट्या डोळ्याला एकच बाहुली जन्मभर पुरवायची असते, म्हणून ती कुठल्या उजेडातली काढायची हे आधी ठरवावं लागतं. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि ऐकत राहिल्या. उठताना म्हणाल्या, "आत आल्यापासून तू आता पहिल्यांदा हसलीस."

इथे आई थांबली. मी म्हटलं, वाच. ती म्हणाली, पुढे लिहिलंय, बाबा, मी मुद्दाम नाही केलं.

मला माहीत आहे गं, मुद्दाम नाही केलंस.

मुलाखत घेणाऱ्यांवर मी महिनाभर मनातल्या मनात दात खात होतो. त्यांनी तुला नाकारलं असं म्हणत होतो. आता वाटतं, त्या खोलीत तुझ्याकडे नीट पाहणाऱ्या त्या बाई एकट्याच होत्या. आणि मी रोज जेवताना तुझ्या समोर बसत होतो.

पत्रातून बटणाएवढी चकती पडली. आई ओरडली, "अगं बाई, हे तर तुमचं बुबुळ." तू रंगवलेलं. म्हणजे ब्रश उंदराने नेला नव्हता. आई म्हणाली, खालच्या बाजूला तो तांबूस ठिपकासुद्धा आहे, जो मला लग्नानंतर वर्षभराने दिसला होता. मी चकती हातात घेतली आणि खिडकीपाशी गेलो.

आता माझं सांगतो.

न्हावी त्या दुसऱ्या डोळ्यानंतर माझ्याकडे आला नाही. तो आपल्या डॉक्टरांकडे गेला. तक्रार करायला नव्हे. त्यांना म्हणाला, मास्तरांची तब्येत बरी नाही, बघा जरा. डॉक्टरांनी मला बोलावलं. टेबलावर माझे दोन्ही डोळे ठेवलेले होते. ते म्हणाले, "डोळेवाले, तुम्ही पाठवलेला डोळा मी आंधळेपणाने बसवतो. आज पहिल्यांदा मोजून पाहिला. हा गोल नाही. दुसरा त्याहून नाही."

मी म्हटलं, "गोलच आहे. चेपला होता, तो मी दुरुस्त केला."

त्यांनी खण उघडला. चौकटी आखलेला एक कागद माझ्यापुढे धरला. "एक डोळा झाका. मधल्या ठिपक्याकडे बघा."

म्हटलं, "कुठल्या ठिपक्याकडे?"

त्यांनी कागदावर बोट टेकवलं, आणि ठिपका असणार हे मला तेव्हा कळलं. त्याच्या आजूबाजूच्या रेघा आत वळल्या होत्या, आपल्या खिडकीच्या चौकटीसारख्या. सुताराची मी माफी मागितली. तो म्हणाला, कशाबद्दल? मी म्हटलं, ते सांगायला वेळ लागेल.

डोळ्याच्या मागच्या पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय. एका डोळ्याचा जास्त, दुसऱ्याचा त्याच्या मागोमाग. गेलेलं परत येत नाही. उरलेलं किती टिकेल हे डॉक्टरांनी सांगितलं नाही, आणि मी ज्या पद्धतीने विचारलं त्यावरून त्यांना कळलं असावं की मला ऐकायचं नाहीये. ठार आंधळा होणार नाही. कडेचं दिसत राहील, फिरता येईल, भिंतीवर आपटणार नाही. फक्त ज्याच्याकडे बघायला जाईन ते मधून नाहीसं होईल. सध्या एखाद्याचा चेहरा पाहायचा तर त्याच्या कानाकडे बघावं लागतं. आईला वाटतं मी तिच्याशी बोलताना दुसरीकडेच बघतो. आजवरही बघतच होतो म्हणते, नवीन काय.

तुला यातलं कळेल म्हणून सांगतो. माझी चूक कसली होती बघ. मला गोल चेपलेला दिसत होता, म्हणून मी तो गोल करत होतो. जितका बरोबर करत गेलो तितका तो बिघडत गेला. शिकाऊ माणूस ही चूक करूच शकत नाही. तो कंपास घेतो.

चकती मी अजून पाहिलेली नाही. म्हणजे हातात आहे, रोज बघतो. सरळ पाहिली की मधला भाग पुसला जातो. नजर बाजूला नेली की कडेने थोडी दिसते, तपकिरी आहे इतपत. तू माझा डोळा केलास आणि तो मला आईकडून ऐकावा लागला.

आता ऐक. हे पत्र वाचून तू बॅग भरशील, मला ठाऊक आहे. येऊ नकोस. तुझ्या त्या 'डोळे करीन'वर मला काय वाटलं ते मी इथे लिहीत नाही, लिहिलं तर तू उद्याच गाडीत बसशील. पण कीव म्हणून आलीस तर मी दार उघडणार नाही. आई उघडेल, ते वेगळं. मुलगी बापाची काठी म्हणून परत आली असं मला नको, आणि डॉक्टर होता आलं नाही म्हणून बापाच्या स्टुलावर बसली असं तुझ्याबद्दल लोकांनी म्हणायला नको. आणि खरं कारण त्याहून साधं आहे. मी तुला शिकवू शकत नाही. तू काढलेला गोल बरोबर आहे की नाही हे मी आता सांगू शकत नाही. 'अजून जरा भर' असंच मी म्हणेन.

ओळी वर-खाली गेल्या असतील. पट्टी ठेवून लिहिलंय.

बाबा


५ सप्टेंबर

चि. टकमक,

तुझी चिठ्ठी आली. एकच ओळ. 'कीव नाही, पण येणार आहे.' आई ती सगळ्यांना वाचून दाखवते. दूधवाल्यालासुद्धा.

औषधांच्या कॉलेजला तू 'नाही' कळवलंस म्हणे. आत्याचा फोन आला होता. माझ्यावर इतकी ओरडली की गुडघ्याचं सांगायचं विसरली. मीही शिकवणीच्या सरांना 'नाही' कळवलं. ते म्हणाले, मुलगी हुशार होती का? म्हटलं, आहे.

माझ्या पत्राचं तू ऐकणार नाहीस हे गृहीत धरून मी एक काम केलं. तुला हसू येईल. हसून घे.

न्हाव्याला डोळा हवाच होता. तो माझ्याकडे तिसरा मागायला तयार होता, हे सांगूनही पटणार नाही तुला. म्हणे, मास्तर, चुकला तरी तुमचाच घालीन, गिऱ्हाइकांना सांगेन वाकडं बघायची सवय लागली. मी त्याचा हात धरला आणि नदीपलीकडे गेलो. आम्ही दोघं रस्ता ओलांडताना पाहण्यासारखे होतो. त्याला डावीकडचं दिसत नाही, मला मधलं.

प्रिंटरवाल्या बाईंच्या खोलीत प्रिंटर आहे, पण कोपऱ्यात, वर कापड टाकलेलं. घाईच्या कामालाच वापरतात म्हणाल्या. टेबल उत्तरेकडच्या खिडकीला लागून, माझ्यासारखं. रेशमाची लडी वहीच्या पुठ्ठ्याला गुंडाळलेली, तीही माझ्यासारखी. मी इतकी वर्षं या बाईंची टिंगल केली आणि त्यांच्या खोलीत कधी पाऊल टाकलं नाही. तसं ते नवीन नाही माझ्या बाबतीत.

त्या न्हाव्याच्या चांगल्या डोळ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. हात चालू झाला तेव्हा ब्रशचा आवाज ओळखीचा होता. मी कोपऱ्यात बसून ऐकत होतो. मधे एकदा कंपासचं टोक टेकल्याचा आवाज आला आणि मला हसू आलं. पुढच्या खेपेला न्हाव्याने डोळा घातला, आरशात पाहिलं, आणि रडायला लागला. फक्त एकाच डोळ्यातून नाही, दोन्हीतून. त्याच्या अश्रूंच्या ग्रंथी शाबूत आहेत, हे तुला मुलाखतीत सांगता आलं असतं. मग त्याने बाईंना मिठी मारली. मला वाटलं होतं मला फार वाईट वाटेल. वाटलं.

मग मी खिशातून तुझी चकती काढली.

बाईंना म्हटलं, एक मुलगी आहे. तिला हे शिकायचंय. मी शिकवू शकत नाही. का ते त्यांना कळलेलं होतंच. त्या म्हणाल्या, "तुमची मुलगी म्हणून घेणार नाही. हात बघून घेईन." हे बरं वाटलं. त्यांनी चकती घेतली, मला खिडकीपाशी ओढलं, माझी हनुवटी वर केली आणि चकती माझ्या डोळ्याजवळ धरून बघत राहिल्या. मी त्यांच्या कानाकडे बघत उभा. इतक्या जवळून माझ्या डोळ्यांत आजवर कुणी पाहिलं नसेल, डॉक्टर सोडून. मग आठवलं, तू पाहिलं होतंस. त्याशिवाय रंगवलंस कसं.

म्हणाल्या, "हे समोर बसवून काढलंय?"

"नाही. आठवणीने. ती दुसऱ्या गावी आहे."

"रंग बरोबर आहे. थर बरोबर आहेत. तांबूस ठिपका जागेवर आहे. गोल गोल आहे." मग चकती पुन्हा माझ्या डोळ्याशी नेली. "बाहुली चुकलीय. मोठी काढलीय. ही दिवसाच्या उजेडातली नाही. हा माणूस तिने संध्याकाळचाच पाहिलाय."

मी हनुवटी खाली घेतली. दिवसा खिडकीपाशी काम चालू असताना, तू टेबलाशी आलीस की मान वर न करताच मी तुला म्हणायचो, अभ्यास कर जा, हे बघून काय होणारे. दिवेलागणीला हात धुऊन मी जेवायला बसलो की तू माझ्यासमोर बसायचीस. एका पिवळ्या बल्बच्या उजेडात. तू जे पाहिलंस तेच बरोबर काढलंस. चूक बाहुलीत नाही.

तर ठरलं ते असं. पुढच्या महिन्यापासून तू त्यांच्याकडे शिकायला जायचंस. पहिलं वर्ष बुबुळाला हात लावू देणार नाहीत, नुसते साचे आणि घासकाम. तू चिडशील. चीड. पण घरी येऊन सांगू नकोस, मी त्यांची बाजू घेईन. राहायचं आपल्या घरी, आणि दार मी उघडेन. डॉक्टर न होणारी माणसं जगात पुष्कळ आहेत, त्यांतली तू एक. दोन वर्षं आपण दोघांनी ते दुःख सांभाळलं. त्यातलं माझं किती होतं आणि तुझं किती, हे मोजायच्या फंदात आता पडत नाही.

माझी कामाची खोली बंद केली. हत्यारं बाईंकडे गेली. ब्रश तू ठेव. बाई म्हणाल्या, साचा घेणं बोटांचं काम आहे, त्याला डोळे कशाला, आठवड्यातून दोनदा येत जा. म्हटलं, बघू. हा शब्द तोंडातून गेल्यावर लक्षात आलं, तेव्हा त्याही हसल्या.

एक मागणं आहे. तू येशील तेव्हा रात्रीच्या गाडीने येऊ नकोस. सकाळची गाडी धर, म्हणजे दुपारी पोचशील. टेबल मी विकलेलं नाही. खिडकी आहे, चौकट सरळ आहे. मी स्टुलावर बसेन, उजेडाकडे तोंड करून, आणि तू समोर बस. मी बाजूला बघत असेन, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, तुझ्याकडेच बघत असेन. घाई करू नकोस. नीट बघ, आणि बाहुली पुन्हा काढ.

दुपारी घरी असणारा,
तुझा बाबा